आईची वाटी पातळ आहे : बदलायची की ठेवायची?

प्रश्न : आई ६८ वर्षांची, उंची चार फूट दहा इंच. दोन्ही गुडघे पार झिजलेत. उजव्याची गुडघेरोपणाची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. जिना उतरताना आणि खालून उठताना तिला गुडघ्याच्या पुढच्या बाजूला जास्त दुखतं. मिरजेच्या सर्जननी सांगितलं, ‘गुडघ्याची वाटीही बदलून टाकू.’ कोल्हापूरच्या दुसऱ्या सर्जननी स्कॅन पाहिला आणि म्हणाले, ‘वाटी जेमतेम १९ मिमी आहे, बाहेरच्या बाजूला झिजलेली आहे, कापली तर फुटेल; हात लावायचा नाही.’ न्यू जर्सीतला मामेभाऊ म्हणतो, तिकडे सगळ्यांचीच बदलतात. हॉस्पिटलमधून वाटीवर बसवायच्या तीन प्रकारच्या बटणांची माहितीपत्रकं मिळाली आहेत : साधं घुमटाकार, ‘अ‍ॅनाटॉमिक’, आणि सिमेंटशिवाय बसणारं धातूच्या पाठीचं. यातलं कुठलं घ्यावं? मावशीच्या बदललेल्या गुडघ्यात वर्षभरानंतर ‘कट्’ असा आवाज येऊन अडकल्यासारखं व्हायला लागलं. आईचं तसं होऊ नये म्हणून विचारतो.
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दोघांपैकी कुणीही तुम्हाला चुकीचं सांगितलेलं नाही. मिरजेचे सर्जन आईचं दुखणं बघून बोलताहेत, कोल्हापूरचे हाडाची जाडी बघून. निर्णय या दोन गोष्टींच्या मधल्या दोन-तीन मिलिमीटरांत अडकलाय, आणि तो माहितीपत्रकावरून होणार नाही. गुडघा उघडल्यावर वाटीला कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावून होईल. म्हणून ‘बदलणार की नाही’ याचं पक्कं उत्तर आज मागू नका. ‘किती माप निघालं तर काय करणार’ हे विचारा. ज्या सर्जनकडे याचं आकड्यांत उत्तर तयार असेल, त्यांच्याकडे आई सुरक्षित आहे.

आपल्याकडे कुठल्याही गुडघेरोपणाला लोक ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात, त्यामुळे आधी भाग वेगळे करू. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचं आवरण बसतं, त्याला फिमोरल भाग म्हणतात. नडगीच्या माथ्यावर धातूचा ट्रे आणि त्यात प्लास्टिकचा इन्सर्ट. हे तीन भाग जवळजवळ प्रत्येकाला लागतात. चौथा भाग म्हणजे वाटीचं बटण, आणि तो सर्जनच्या निर्णयावर असतो. वाटी बदलायची म्हणजे हाड उपटून काढायचं नसतं. वाटीची मागची, सांध्यात घासली गेलेली बाजू करवतीने सपाट करतात आणि त्या कापावर पॉलिथिलीनचं, म्हणजे टणक प्लास्टिकचं, बटण सिमेंटने बसवतात. पुढचं हाड आणि त्याला धरलेले स्नायूबंध जागच्या जागी राहतात.

हे हाड एवढंसं असलं तरी त्याच्यावरचा भार मोठा असतो. मांडीचा क्वाड्रिसेप्स स्नायू वाटीमार्फत नडगी ओढतो. विहिरीवरची कप्पी दोराला दिशा देते, तशी वाटी त्या ओढीला दिशा देते. शिवाय ती दोर सांध्याच्या मध्यापासून पुढे धरते, त्यामुळे स्नायूला तरफ मिळते. सपाट चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास दाब येतो, जिन्यावर तो वजनाच्या साधारण तिप्पट होतो, आणि उकिडवं बसताना वजनाच्या सात-आठपट. ६० किलो वजनाची बाई जिना उतरते तेव्हा वाटीवर १८० किलोंच्या आसपास भार पडतो. आईचं दुखणं नेमकं जिन्यावर आणि खालून उठताना वाढतं, म्हणजे तिच्या त्रासात वाटीचा वाटा मोठा आहे. हा मुद्दा मिरजेच्या बाजूचा.

आता कोल्हापूरच्या बाजूचं गणित. कूर्चेसकट वाटीची जाडी स्त्रियांत साधारण २२ मिमी आणि पुरुषांत २५ मिमीच्या आसपास असते. लहान चणीच्या बायकांत २० च्याही खाली जाते. दोन बंधनं पाळावी लागतात. कापल्यावर मागे उरणारं हाड किमान १२ मिमी हवं, १३ ते १५ मिळालं तर उत्तम. आणि उरलेलं हाड अधिक बटण मिळून जाडी मूळ वाटीपेक्षा वाढता कामा नये. लहान मापाची बटणं ७ ते ८ मिमी जाडीची असतात. आईच्या १९ मधून ७ मिमी कापले तर १२ उरतात. त्यावर साडेसात मिमीचं बटण बसवलं की १९.५. झिजण्यापूर्वी तिची वाटी दीड-दोन मिमी जाड असणार, त्यामुळे १९.५ हा आकडा तिच्या मूळ मापात बसतो. म्हणजे १९ मिमीची वाटी बदलता येते, पण चुकायला जागा उरत नाही. कॅलिपरवर १७ निघाले तर तेच गणित मोडतं : १२ राखायचे तर ५ मिमीच कापायला मिळतात, तेवढ्यात सपाट काप नीट निघत नाही, आणि बटण बसवल्यावर जाडी आजच्यापेक्षा अडीच मिमीने वाढते.

स्कॅनमधले १९ हे अंतिम माप धरू नका. सीटीवर मोजलं असेल तर फक्त हाड धरलं जातं, उरलेली कूर्चा त्यात येत नाही. साध्या एक्स-रेवर प्रतिमा थोडी मोठी दिसते, म्हणजे खरी वाटी आणखी पातळ असू शकते. शिवाय कडेला वाढलेली हाडं मापात आली की आकडा फुगतो. ती खरडून काढल्यावर, वाटीच्या सगळ्यात जाड भागावर कॅलिपर धरून जे माप मिळतं ते खरं.

जाडीची चूक दोन्हीकडून महागात पडते. हाड १२ पेक्षा पातळ राहिलं तर वाकण्याच्या प्रत्येक खेपेला वाटीच्या पुढच्या पृष्ठभागावर ताण वाढतो, आणि पुढे एखाद्या दिवशी कुठेही न पडता वाटीला तडा जातो. जाडी जास्त झाली तर वाटीभोवतीचे पडदे ताणले जातात, वाटी बाहेरच्या बाजूला कलते, गुडघ्याच्या पुढे सतत आवळल्यासारखं दुखतं आणि वाक कमी होतो. शस्त्रक्रियेदरम्यान केलेल्या मोजणीत दर २ मिमी जादा जाडीमागे सुमारे ३ अंश वाक गेलेला दिसला आहे. ज्यांना गुडघा १२० अंशांपर्यंत मिळवायलाच झगडावं लागतं, त्यांना ३ अंशही जाणवतात.

टेबलावर हे काम कसं चालतं ते माहीत असलं की प्रश्न नेमके विचारता येतात. वाटी उलटवून कडेची वाढलेली हाडं काढतात आणि वाटीच्या वरच्या टोकामागचा सुजट पडदा साफ करतात. कॅलिपरने जाडी मोजून फळ्यावर लिहितात. वाटी क्लॅम्पमध्ये धरून करवत चालवतात. काप वाटीच्या पुढच्या पृष्ठभागाला समांतर हवा. वर क्वाड्रिसेप्सचा बंध जिथे हाडाला लागतो तिथपासून खाली पटेलर बंधाच्या, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणाऱ्या बंधाच्या, मुळापर्यंत, दोन्ही बंधांना धक्का न लावता. मग पुन्हा कॅलिपर, आणि या वेळी चारही बाजूंना. आईच्या बाबतीत खरी मेख इथे आहे. निरोगी वाटीतही आतला भाग, म्हणजे दुसऱ्या पायाकडचा, जाड असतो; तिची तर बाहेरची बाजू झिजून आणखी पातळ झाली आहे. करवत झिजलेल्या पृष्ठभागाला समांतर धरली तर दोन्ही बाजूंनी सारखंच हाड निघतं आणि काप तिरका होतो : आत जाड, बाहेर पातळ. बाहेरच्या बाजूला मग १२ ऐवजी ९-१० मिमीच उरतात, आणि वाटी फुटली तर तिथेच फुटते. बरोबर कापलं तर आतून जास्त हाड निघतं, बाहेरून अगदी थोडं. चारही बाजूंच्या मापांत एखाद्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. असेल तर बटण बसवण्याआधीच सुधारून घेतात.

काप जमला की गाइड ठेवून बटणाच्या मागच्या खुंट्यांसाठी भोकं पाडतात, चाचणीचं बटण लावून गुडघा पूर्ण वाकवून-सरळ करून पाहतात. वाटी बोटाने दाबून न धरता फिमोरल भागाच्या खाचेतून सरळ सरकली पाहिजे. बाहेर सरकत असेल तर पहिला हात बाहेरचा पडदा कापण्याकडे जाऊ नये. आधी टुर्निके, म्हणजे रक्त थोपवायला मांडीला बांधलेला पट्टा, सैल करून पाहायचं, मग फिमोरल भाग आणि ट्रे आतल्या बाजूला फिरून बसलेत का ते तपासायचं, मग वाटीची जाडी. या दोन भागांचं आतल्या बाजूचं एकत्रित वळण चार अंशांपर्यंत असलं तरी वाटी कलते, आणि सात अंशांच्या पुढे गेलं तर ती खाचेतून निसटण्यापर्यंत मजल जाते. वाटीच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ वाटीत नसतंच, ते असं दुसरीकडे असतं. बाहेरचा पडदा कापल्याने वाटी सरळ होते खरी, पण त्याच वाटेने वाटीला रक्त पुरवणारी एक धमनी जाते. ती गेली तर पातळ, नुकतंच कापलेलं हाड उपाशी पडतं. आईच्या वाटीला हे परवडणार नाही.

शेवटी काप धुऊन कोरडा करतात, सिमेंट भोकांत दाबून भरतात, बटण क्लॅम्पने दाबून धरतात आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटं, ते सोडत नाहीत. ओल्या हाडावर सिमेंट धरत नाही, आणि सिमेंटचा थर जाड राहिला तर तेवढीच जाडी फुकट वाढते.

आता तुमची माहितीपत्रकं. घुमटाकार बटण १९७०च्या दशकापासून वापरात आहे आणि अजूनही सर्वांत जास्त तेच बसतं. त्याचं बळ त्याच्या सममितीत आहे : ते कसंही फिरवून बसवलं तरी खाचेला तोच आकार भेटतो, वाटी थोडी कलली तरी चालून जातं. उणीव अशी की फिमोरल भागाच्या खाचेशी त्याचा स्पर्श छोट्या जागेत होतो. गुडघा ९० अंशांच्या पुढे गेला की मधली खाच संपते, वाटी मांडीच्या हाडाच्या दोन गोलव्यांवर टेकते आणि घुमटाच्या कडांवर दाब एकवटतो. हा दाब पॉलिथिलीनला पेलण्यापलीकडेही जातो, त्यामुळे काही वर्षांनी काढलेल्या बटणांच्या कडा चेपलेल्या दिसतात. यावर उपाय म्हणून घुमटाच्या कडा आत वळवलेलं, म्हणजे मध्ये फुगीर आणि भोवती किंचित खोलगट असं बटण निघालं. स्पर्शाची जागा वाढते आणि सममितीही टिकते. आम्हाला ही तडजोड पटते.

‘अ‍ॅनाटॉमिक’ बटणाला नैसर्गिक वाटीसारखे आत-बाहेर दोन उतार असतात. नीट बसलं तर स्पर्श सर्वांत मोठा, दाब सर्वांत कमी. पण ‘नीट’ला इथे फार महत्त्व आहे. काही अंश फिरून बसलं की उतार खाचेशी जुळत नाहीत, आणि जे बटण दाब वाटून देणार होतं तेच एका कडेवर रेटत राहतं. मोठ्या, जाड वाटीत ते बसवायला अडचण नाही. चार फूट दहा इंचांच्या बाईच्या झिजून एका बाजूला कललेल्या वाटीत आम्ही ते सुचवणार नाही.

धातूच्या पाठीच्या बटणाचा इतिहास माहीत असायला हवा. १९८०च्या दशकात सिमेंट टाळावं आणि भार सगळीकडे सारखा पसरावा म्हणून पॉलिथिलीनमागे धातूची चकती लावली. एकूण जाडी तर दहाएक मिमीच्या पुढे नेता येत नव्हती. त्यातली दोन-तीन मिमी धातूने खाल्ली आणि कडेला प्लास्टिक अगदी पातळ राहिलं. नेमका कडेवरच दाब सर्वांत जास्त. प्लास्टिक झिजून धातू उघडा पडला, काहींत चकती आणि प्लास्टिक सुटे झाले, काहींत खुंट्या चकतीपासून तुटल्या. धातूवर धातू घासून सांध्यातलं पाणी काळं पडलं आणि फिमोरल भागही खराब झाला. त्या दशकाच्या अखेरीस बहुतेकांनी ती बटणं बाजूला ठेवली. आजची सच्छिद्र धातूची, हाड आत वाढेल अशी बटणं त्यांच्यापेक्षा खूप सुधारलेली आहेत आणि तरुण, भक्कम हाडाच्या माणसाला बसवली जातात. पण जाडीचं गणित तेच राहतं. शिवाय हाड आत शिरायला मुळात चांगलं हाड हवं. आईसाठी हे माहितीपत्रक बाजूला ठेवा.

आणखी एक प्रकार तुमच्या यादीत नाही, पण विचारून पाहा : ‘इनसेट’ बटण. यात अख्खी वाटी सपाट न कापता मधोमध गोल खळगा कोरतात आणि बटण त्यात बसवतात. भोवती हाडाची कड शाबूत राहते. पातळ वाटीत काही सर्जन हाच मार्ग पसंत करतात. मात्र बाहेरची उरलेली कड धातूवर घासू नये म्हणून ती तासावी लागते.

खुंट्यांकडेही लक्ष द्या. जुन्या बटणांना मधोमध एक जाड खुंटी असायची. तिच्यासाठी पाडलेलं मोठं भोक वाटीला बरोबर मध्यावर कमजोर करतं, रक्तवाहिन्याही तिथेच लागतात. आता कडेला पसरलेल्या तीन बारीक खुंट्यांचं बटण जास्त वापरतात. खुंटी ५ मिमीच्या आसपास धरली तर १२ मिमी हाडात तिच्यापुढे ७ मिमी शिल्लक राहतात.

तर आईसाठी, वाटी बदलायची ठरल्यास, आमची पसंती : पूर्ण पॉलिथिलीनचं, तीन खुंट्यांचं, घुमटाकार किंवा कडा वळवलेलं बटण, सिमेंटने. बाजारात साधारण २६ ते ४१ मिमी व्यासाची मापं मिळतात. आईला २६, २९ किंवा फार तर ३२ लागेल. प्रत्येक कंपनी प्रत्येक माप करत नाही, म्हणून सर्वांत लहान माप त्या दिवशी शस्त्रक्रियेच्या सामानात असेल याची आधीच खात्री करून घ्या. ३२ पासूनच माल सुरू होत असेल तर वाटीबाहेर डोकावणारं बटण बसतं, आणि मोठ्या व्यासाबरोबर जाडीही वाढते. बटण हाडाच्या मधोमध न बसवता २-३ मिमी आतल्या बाजूला सरकवतात, कारण नैसर्गिक वाटीचा कणा मध्यापासून आत असतो. बाहेर उघडं राहिलेलं हाड तिरकं तासून टाकतात. पॉलिथिलीन ‘हायली क्रॉसलिंक्ड’ आहे की व्हिटॅमिन-ई मिसळलेलं, यावर फार रात्री जागवू नका. बटण निकामी होतं ते बहुधा सैल होऊन, कलून किंवा हाड फुटून. निव्वळ झिजून कमी वेळा.

बटण आणि फिमोरल भाग एकाच कंपनीचे, एकाच प्रणालीतले हवेत. घुमटाची वक्रता त्या खाचेसाठीच काढलेली असते. आणि खाच कशी आहे हे बटणाइतकंच मोलाचं आहे. जुने फिमोरल भाग डावे-उजवे वेगळे नसत, खाच उथळ असे. आता खाच खोल, खालपर्यंत लांबवलेली आणि वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूला कललेली असते. उजव्या गुडघ्याचा भाग डाव्याला बसत नाही. वाटी न बदलता ठेवायची असेल तर ही सुधारित खाच आणखीच गरजेची, कारण आईचं स्वतःचं हाड धातूवर चालणार असतं.

मामेभावाचं म्हणणं अमेरिकेपुरतं खरं आहे. तिथे बहुतेकांची वाटी बदलतात. स्वीडन आणि नॉर्वेत मात्र शंभरातल्या मोजक्यांचीच, आणि तिथली माणसं लंगडत फिरत नाहीत. ब्रिटनमधल्या ‘कॅट’ या मोठ्या चाचणीत दोन्ही गटांच्या चालण्या-फिरण्यात कित्येक वर्षांनंतरही ठळक फरक दिसला नाही. तरीही उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने २०२० मध्ये वाटी बदलण्याचा पर्याय द्यावा अशी शिफारस केली, त्यामागे नंतरच्या फेरशस्त्रक्रिया कमी होतात हे मोठं कारण. फेरशस्त्रक्रियेचे आकडे वाचताना एक मेख लक्षात ठेवा. न बदललेली वाटी दुखली की ‘आता बदलून बघू’ हा सोपा उपाय सर्जनच्या हाताशी असतो. बदललेली दुखली तर तसा उपाय नसतो. म्हणून पहिल्या गटात दुसरी शस्त्रक्रिया जास्त होते. आणि अशी मागाहून वाटी बदलल्यावरही बऱ्याच जणांचं दुखणं राहतंच, कारण मूळ दोष फिमोरल भागाच्या फिरण्यात असतो. सरसकट नियमापेक्षा आईची लक्षणं वजनदार आहेत : पुढे दुखणं, जिन्यावर दुखणं, बाहेरच्या बाजूची झीज. जाडी जमली तर आम्ही बदलण्याच्या बाजूने आहोत.

जमली नाही तर? वाटी नुसती तशीच सोडून द्यायची नसते. कडेची हाडं काढायची, बाहेरची धातूवर घासणारी कड सेंटिमीटरभर कापायची, पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, आणि वाटीच्या परिघाला कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकाने, हलका डाग देऊन वेदना नेणाऱ्या बारीक नसा बोथट करायच्या. कोल्हापूरच्या सर्जनना विचारा, ‘हात लावायचा नाही’ म्हणताना यातलं काय करणार आहेत. आईला संधिवाताभ, म्हणजे रुमॅटॉइड आजार असेल तर मात्र वाटी ठेवण्याच्या विरोधात पारडं जातं. पत्रात तसा उल्लेख नाही, पण दोघांनाही सांगून ठेवा.

मावशीचं दुखणं ओळखीचं वाटतं. वाकलेला गुडघा सरळ करताना, ३० ते ४५ अंशांच्या आसपास ‘कट्’ होऊन झटका बसत असेल, तर त्याला ‘पटेलर क्लंक’ म्हणतात. वाटीच्या वरच्या टोकामागे तंतूंची गाठ तयार होते. गुडघा वाकवला की ती फिमोरल भागाच्या मधल्या पेटीत शिरते आणि सरळ करताना तिथून उसळून बाहेर येते. ही पेटी ‘पोस्टेरिअर स्टॅबिलाइज्ड’ प्रकारच्या गुडघ्यातच असते. बटण वरच्या टोकाबाहेर डोकावणं, वाटी खाली सरकलेली असणं, आणि पेटी उंच व तिच्या कडा धारदार असणं, ही कारणं. दुर्बिणीने गाठ खरडून काढली की बहुतेकांना आराम पडतो. मात्र त्याआधी सीआरपी व ईएसआर या रक्तचाचण्या करून आणि गरज पडल्यास सांध्यातलं पाणी तपासून संसर्ग नाही याची खात्री व्हायला हवी. नुसती टक्टक् होते पण दुखत नाही आणि अडकत नाही, तर तो धातू-प्लास्टिकचा आवाज आहे, सोडून द्या. आईच्या बाबतीत हे टाळायचं तर वाटीच्या वरच्या टोकामागचा तो सुजट पडदा पहिल्याच वेळी साफ झाला पाहिजे.

खर्चाचं सांगायचं तर ‘एनपीपीए’ने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाने, ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या भागांच्या कमाल किमती ठरवल्या तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या संचासाठी ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा घातली. त्यात वाटीच्या बटणाचे वेगळे ४,०९० रुपये धरलेले होते. आजची मर्यादा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. मुद्दा असा की बटण बसवलं नाही तर ते बिलात येता कामा नये, आणि बसवलं तर कंपनीचं नाव, माप व बॅच नंबर असलेलं स्टिकर कागदपत्रांत हवं. ‘सोनेरी गुडघा’ म्हणून जास्त पैसे सांगत असतील तर सोनेरी लेप धातूच्या भागावर असतो. बटण तिथेही साधं पांढरं प्लास्टिकच. रोबोटबद्दलही तेच : बहुतेक प्रणालींत रोबोट मांडीचं आणि नडगीचं हाड कापायला मदत करतो, वाटी सर्जनच्या हातच्या करवतीनेच कापली जाते.

शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेमध्ये बटण दिसलं नाही म्हणून घाबरू नका. पॉलिथिलीन एक्स-रेवर उमटत नाही. सिमेंटचा पट्टा आणि खुंट्यांच्या खुणा दिसतात. वाटी मधोमध आहे का हे समोरच्या एक्स-रेवर कळत नाही, त्यासाठी गुडघा वाकवून घेतलेला ‘स्कायलाइन’ एक्स-रे मागा. पहिल्या दिवसापासून मांडी आवळण्याचा आणि पाय सरळ उचलण्याचा व्यायाम महत्त्वाचा, कारण वाटीला खाचेत धरून ठेवायचं काम शेवटी तोच स्नायू करतो. पूजेला पाटाऐवजी उंच चौरंग-खुर्ची, शौचाला कमोड, आणि उकिडवं बसणं कायमचं बंद. १२ मिमी हाडावर सातपट भार घालायचा नाही. घरात पडल्यावर, किंवा न पडताही, अचानक पाय सरळ उचलता येईनासा झाला तर वाटी फुटली किंवा बंध तुटला असं समजून त्याच दिवशी दाखवा. तडा गेला तरी पाय उचलता येतो आणि बटण पक्कं आहे, तर बहुतेकदा काही आठवडे पट्टा बांधूनच भागतं.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या आणि तीत चार आकडे आहेत का बघा : कापण्याआधीची जाडी, कापल्यानंतरची, बटण बसवल्यावरची, आणि बटणाचा व्यास. डाव्या गुडघ्याची वेळ येईल तेव्हा सर्जन कुणीही असोत, स्कॅनवरच्या अंदाजापेक्षा हे चार आकडे त्यांच्या जास्त उपयोगी पडतील.